मुक्या माराची वाचा

अनुताप आणि ख्यापन हे दोन शब्द आपल्या धर्मशास्त्रकारांनी प्रायश्चित्ताच्या विचारात शेजारी शेजारी ठेवले आहेत. अनुताप म्हणजे केलेल्या कर्माचा मागाहून होणारा दाह. ख्यापन म्हणजे ते कर्म स्वमुखाने, आपल्या नावानिशी, लोकांसमोर सांगणे. पहिला बहुतेकांच्या वाट्याला येतो. मनुष्य असण्याची ती खूणच आहे. दुसरे दुर्मीळ. अनुतापाला साक्षीदार लागत नाही, तो अंधारात एकट्याने भोगता येतो, आणि काळ गेला की त्याच्या जखमेवर विस्मृतीची साय धरते. ख्यापनाला ती सोय नाही. ज्याने एकदा चारचौघांत उच्चारले, त्याचे ते कायमचे झाले.

शास्त्रकारांनी ख्यापनाने पाप क्षीण होते असे म्हटले आहे. ते होते की नाही, हे मला ठाऊक नाही. पण ज्या एका व्यक्तीत हे ख्यापन मी पूर्णत्वाने पाहिले, तिचे त्याने काहीही हलके झाले नाही, एवढे मी सांगू शकतो. तिने हलके होण्यासाठी ते केलेही नव्हते.

कुसुमावतीबाई पोतनीस झाशीत खंडेराव गेटाच्या आत, आमच्याच गल्लीत राहत. घराण्याचा मूळपुरुष सुभेदारांच्या काळात हिशेबनीस म्हणून दक्षिणेतून इकडे आला. पुढच्या पिढ्यांना नोकरी मिळेल ती खरी. बाईंचे यजमान तारखात्यात होते, ते लवकर गेले. एकुलता मुलगा पराग बिजौलीतल्या एका लहान कारखान्यात फोरमन झाला. सून विद्या गरौठ्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका; आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायची आणि शनिवारी दुपारच्या बसने घरी यायची. नात इरा सहा वर्षांची, आजीजवळ राहून झाशीतच शाळेत जाई. घरात मराठी बोलली जाई ती अशी, की दक्षिणेतला माणूस ऐकून थबकावा. अर्धी वाक्ये हिंदीत वळलेली, आणि मधूनच एखादा शब्द इतका जुना, की पुण्याकडच्या घरांतून तो दोन पिढ्यांपूर्वीच निघून गेलेला. प्लीहेला बाई ‘पाणथरी’ म्हणत. त्या शब्दाकडे मला पुन्हा यायचे आहे.

बाईंच्या हाताला गुण होता. बेंबी सरकली, म्हणजे पोट आवळून येते, जुलाब लागतात, अन्न नकोसे होते, अशी इकडे सर्वांची समजूत आहे. त्याला ‘धरन जाना’ म्हणतात. ती जागेवर बसवण्याची विद्या बाईंना सासू रुक्मिणीबाईंकडून मिळाली होती. माणसाने सकाळी अनशापोटी यायचे. त्याला उताणे निजवून बाई बेंबीवर अंगठा ठेवत आणि ठोका कुठे लागतो ते पाहत. मग एक काळा दोरा बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंत धरून मोजत. पाय उचलून अंगठे जुळवून ओढत, आणि शेवटी एरंडेलाचे बोट घेऊन पोटावरून खाली उतरत. माणूस उठून जाताना म्हणे, “अम्मा, तुमाए हाथ में जस है।” जस म्हणजे यश. मोबदला म्हणून बाईंनी कधी सुपारीसुद्धा घेतली नाही.

मात्र या कामाला कोणी मालिश म्हटलेले त्यांना खपत नसे. मालिश नाइन, म्हणजे न्हावीण, करते, बाळंतिणीची आणि बाळाची. पहिलवानाची मालिश त्याचा चेला करतो. पोतनिसांच्या घरची बाई मालिश करत नाही, ती पोट बसवते. एकदा एका पोलिसाच्या बायकोने सहज म्हटले, “अम्मा, जरा मालिश कर दो।” बाईंनी तिला उंबऱ्यावरूनच परत लावले. “मालिश होय गली के नुक्कड़ पर। वहाँ जाओ।” गल्लीला हा किस्सा पाठ होता आणि पराग तो आईची नक्कल करून सांगत असे. या अभिमानात मला त्या काळी काही वावगे दिसले नव्हते. जुन्या घराण्यांची ऐट शेवटी शब्दांतच उरते.

बारा वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातला एक मंगळवार. कारखान्यात माल वाहण्याची लोखंडी ट्रॉली उतारावरून सुटली आणि तिचा दांडा परागच्या डाव्या कुशीत, शेवटच्या बरगड्यांवर बसला. तो खाली बसला, श्वास परत आल्यावर उठला. रक्त नाही, खरचटणे नाही. सायंकाळपर्यंत हाताएवढा एक निळसर डाग तेवढा उमटला. मालकाने दुखण्याची गोळी दिली. “गुम चोट है भैया, हल्दी-दूध पी लो।” हिंदीत त्याला गुम चोट म्हणतात, हरवलेली इजा. मराठीत आपण मुका मार म्हणतो. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट जाणली आहे, की हा मार आपण होऊन बोलत नाही.

परागही बोलला नाही. बुधवारी तो कामावर गेला, जेवण अर्धे परत आणले. गुरुवारी सकाळी मात्र इराला शाळेत पोचवून आला आणि आईसमोर बसला.

“आई, पोट ताठलंय. असं, अंदर से कोणी मूठ धरून ठेवल्यासारखं.”

“आणि हे आज सांगतोस? काल तोंड कुठे होतं?”

“काल सांगितलं असतं, तर म्हणाली असतीस परवा तोंड कुठे होतं.”

“चहा घेतलास?”

“नाही. तुझे नियम मला ठाऊक आहेत. अनशापोटी आलोय, पेशंट होऊन.”

बाईंनी त्याला सतरंजीवर निजवले. जड काही उचलले होते का, असे विचारले. तेव्हा त्याने ट्रॉलीचे सांगितले. मार लागल्याचे त्यांना कळले नव्हते असे नाही. पुढे अनेकांनी त्यांच्या वतीने तसे म्हणून पाहिले, पण बाईंनी कोणाला ते म्हणू दिले नाही. त्यांना कळले होते. त्यांनी डाग पाहिला, आणि त्या म्हणाल्या, “मुका मार. त्यानेच बेंबी सरकली.”

अंगठ्याखाली ठोका होता, पण फार जलद. दोरा धरून मोजले. मग त्यांनी त्याचे दोन्ही पाय उचलून अंगठे जुळवले, तसा पराग ओरडला.

“आई, खांदा!”

“काय झालं खांद्याला?”

“डावा खांदा. एकदम दुखला, सुरी घातल्यासारखा.”

“पाय मी ओढते आणि खांदा तुझा दुखतो? लहानपणापासून नाटकी आहेस.”

“अगं खरंच.”

“बरं, त्यालाही लावते एरंडेल.” आणि त्यांनी खरोखरच खांद्याला तेल चोळले. तो हसला. पाय खाली ठेवताच खांद्याचे दुखणे थोडे कमी झाले, आणि दोघेही ते विसरले.

मग बाईंचा हात पोटावर आला. डाव्या बरगड्यांच्या खाली त्यांना एक जागा लागली; घट्ट, भरल्यासारखी. इथे थोडे थांबले पाहिजे. रुक्मिणीबाईंनी सुनेला एक निषेध शिकवून ठेवला होता: हिवतापाने पाणथरी वाढलेल्या पोटाला हात लावायचा नाही, ती जागा आवळ्यासारखी टणक लागते, ताप असेल तर हात मागे घ्यायचा. हा निषेध बाई उभा जन्म पाळत आल्या होत्या. जागा तीच होती, स्पर्शही जवळजवळ तोच होता. परंतु परागला ताप नव्हता. ताप नाही, म्हणजे पाणथरी नाही. पाणथरी नाही, म्हणजे वायगोळा. हाताने सांगितले ते खरे होते. बाईंनी त्याला नाव दुसरे दिले.

वायगोळा वरून खाली उतरवतात. बाईंनी अंगठा रोवून तीनदा उतरवला. तिसऱ्या वेळी तो त्यांच्या हाताखाली विरघळला.

“गेला बघ गोळा.”

“हो गं,” पराग म्हणाला. “हलकं वाटतंय.”

तो उठला, अर्धा कप चहा घेतला. साडेनऊच्या सुमारास मोरीच्या दारात त्याने चौकट धरली आणि तो हळूहळू खाली सरकत गेला. चेहरा चुन्यासारखा, अंगाला थंड घाम. शेजारच्या माधुरीने ऑटो बोलावली. वाटेत बाईंच्या मांडीवर डोके ठेवून तो एकदाच बोलला, “पाणी दे.” बाईंनी पाणी बरोबर घेतले नव्हते.

इस्पितळात त्या दिवशी शस्त्रक्रियाविभागात डॉक्टर केयूर होते. रेल्वेत नोकरीला आलेल्या मराठी माणसाचा मुलगा, झाशीतच वाढलेला. मराठी पूर्ण समजते, बोलताना मात्र अडखळतो. त्यांनी परागच्या दोन्ही हातांत सुया घातल्या, सलाइन सोडले, रक्त तपासायला पाठवले, पोटाची सोनोग्राफी केली. पोटात रक्त होते. सलाइन गेल्यावर नाडी थोडी स्थिरावली, रक्तदाब वर आला आणि तिथे टिकला. मग ते बाईंकडे वळले.

“माताजी, चोट कब लगी?”

“मंगल को.”

“आज कुछ हुआ? गिरे? किसी ने पेट पर मालिश तो नहीं की?”

बाईंनी पुढे हा क्षण जितक्या वेळा सांगितला, तितक्या वेळा सारख्याच शब्दांत सांगितला. प्रश्न ऐकल्याबरोबर त्यांना भय वाटले. भयाच्या पाठोपाठ तो जुना शब्द आला, आणि भयाला बसायला आसन मिळाले. मालिश? मालिश नाइन करते. मी मालिश केलेली नाही. मी पोट बसवले. डॉक्टरांनी विचारले ते मी केलेलेच नाही.

“नहीं,” त्या म्हणाल्या.

हे असत्य होते का? अक्षरशः नव्हते. न्यायशास्त्रात ज्याला छल म्हणतात, म्हणजे बोलणाऱ्याचा आशय बाजूला सारून त्याच्या शब्दाला धरून दिलेले उत्तर, तो हा प्रकार. वादात छल करणारा फार तर वाद जिंकतो. इथे पलीकडच्या खाटेवर मुलगा होता.

डॉक्टरांनी जो निर्णय घेतला तो त्यांच्यापुढे असलेल्या माहितीवर योग्यच होता. प्लीहा हा रक्ताने भरलेला, मऊ, पातळ आवरणाचा अवयव डाव्या बरगड्यांच्या आत असतो. मार लागला की कधी त्याच्या आवरणाखालीच रक्त साचते आणि आवरण ते धरून ठेवते. पूर्वी असा रुग्ण आला की पोट उघडून प्लीहा काढून टाकत. आता रक्तदाब टिकून असेल तर शक्यतो काढत नाहीत. रुग्णाला खाटेवर निश्चल ठेवतात, नाडी सतत पाहतात, रक्त तयार ठेवतात, आणि बहुतेकांची प्लीहा आपणच भरून येते. दोन दिवसांपूर्वीचा मार, टिकलेला रक्तदाब. शरीराने स्वतःच बांध घातला आहे, असा त्याचा अर्थ होत होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियागार तयार ठेवायला सांगितले आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहण्याची आज्ञा केली.

बाई खाटेशेजारी बसल्या. दुपारी पराग थोडा बोलला. इराला शाळेतून कोण आणणार, असे त्याने विचारले. माधुरी आणील, असे बाईंनी सांगितले.

“विद्याला फोन नको करूस. उगाच बस पकडून धावेल. शनिवारी येईलच.”

“बरं.”

“डॉक्टर काय विचारत होते मघाशी?”

बाईंनी त्याचे पांघरूण सारखे केले. त्याने डोळे मिटले. तो झोपला, असे त्यांना वाटले. अजूनही वेळ होता. डॉक्टर दहा पावलांवर कागद लिहीत उभे होते. बाई दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या.

साडेतीनला रक्तदाब ढासळला. धावपळ झाली. शस्त्रक्रियेत पोट उघडताच रक्ताचा लोट आला. प्लीहा दुभंगलेली होती. ती काढली, रक्तवाहिनी बांधली, रक्ताच्या पिशव्या एकामागून एक चढवल्या. परंतु फार रक्त गेले की उरलेले रक्त गोठण्याचा धर्मच विसरते, आणि बांधलेल्या जागांखेरीजही ठिकठिकाणी झिरपत राहते. सूर्य मावळायच्या आत पराग शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. त्याचे वय चौतीस होते.

डॉक्टर केयूर बाहेर आले. त्यांच्या बाहीवर रक्त होते.

“माताजी, तिल्ली के दो टुकड़े हो गए थे। चोट पुरानी थी, पर फटी आज ही है। सुबह, शायद।”

“तिल्ली म्हणजे पाणथरी,” बाई मराठीत म्हणाल्या. त्यांना नव्हे, स्वतःला.

“हाँ, काकू,” मराठी ऐकून त्यांचे संबोधन बदलले. “मेरी आजी भी वही कहती थी।”

हे त्या दिवशी बाईंना कळलेले दुसरे निखळ सत्य. पहिले हातांनी सांगितले होते, ते त्यांनी ऐकले नव्हते. हे त्यांनी ऐकले.

यापुढचे सहज झाकले गेले असते. सकाळी घरात ती दोघेच होती. त्यांपैकी एक गेला. विद्याला, नातलगांना, गल्लीला एवढेच ठाऊक होते, की कारखान्यात मार लागला आणि इस्पितळात मुलगा वाचला नाही. बाई गप्प राहिल्या असत्या तर सून जवळ राहिली असती, नात मांडीवर राहिली असती. त्या दोघींवाचून त्यांना जगात कोणी नव्हते. गप्प राहण्याची किंमत शून्य होती आणि बोलण्याची किंमत त्या दोघी.

बारा दिवस त्या गप्प होत्या. हे मी लपवू नये. त्यांनी स्वतः ते लपवले नाही.

तेराव्या दिवशी जेवणे उरकल्यावर विद्याचा भाऊ देवेंद्र बैठकीत बोलू लागला. तो ग्वाल्हेरहून आला होता, आणि बहिणीच्या दुःखाने त्याचा जीव व्याकुळ झाला होता.

“दहा वाजता नेलं. साडेतीनपर्यंत नुसतं ठेवलं! पाच-साडेपाच तास! पोटात रक्त दिसतंय आणि हे महाशय नाड्या मोजतायत. मी त्या केयूरला सोडणार नाही. लिखके दूँगा ऊपर तक.”

“दादा, पुरे आता,” विद्या म्हणाली.

“पुरे कसं? काकू, तुम्हीच सांगा. तुम्ही होतात तिथे. त्याने काही विचारलं तरी का?”

स्वयंपाकघराच्या दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी हातातले ताट खाली ठेवले.

“विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी विचारलं, पेट पर मालिश तो नहीं की. मी नाही म्हटलं.”

“मग? बरोबरच आहे.”

“मालिश नव्हती केली. पोट बसवलं होतं. त्याच सकाळी. डाव्या बरगडीखाली टणक लागत होतं, ते मी तीनदा उतरवलं. तिसऱ्यांदा ते फुटलं. मला वाटलं गोळा गेला. ती पाणथरी होती. डॉक्टरांचा दोष नाही. मी माझ्या मुलाची पाणथरी फोडली, आणि विचारल्यावर नाही म्हटलं.”

बैठकीतली माणसे एकेक करून खाली पाहू लागली. एक वृद्ध आप्त म्हणाले, “वहिनी, असं म्हणू नका. प्राक्तन असतं एकेकाचं.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्या विद्याकडे पाहत होत्या.

मग विद्याने अगदी शांतपणे विचारले, शाळेत मुलाला विचारावे तसे.

“आई, मालिश आणि पोट बसवणं, हे दोन तुम्हाला तेव्हा वेगळे वाटले?”

“वाटले.”

“हात लावलात, ते मी एक वेळ समजून घेईन. तुम्ही सगळ्यांनाच लावता. त्याला बरं वाटावं म्हणून लावलात. पण तो तिथे पडलेला असताना तुम्ही शब्द कुठून शोधलात?”

त्या आठवड्यात विद्या इराला घेऊन गरौठ्याला गेली, आणि इराचे नाव तिथल्या शाळेत घातले. निघताना तिने सासूला वाकून नमस्कार केला. भांडण असे काही झालेच नाही. पुढे शनिवारची बस येत राहिली, तीतून कोणी उतरले नाही.

बाई मग डॉक्टर केयूरांकडे गेल्या. त्यांनी सगळे त्याच शब्दांत सांगितले आणि विचारले, “मी हो म्हटलं असतं तर?”

डॉक्टर मराठीत सुरुवात करून अडले. “काकू, मी... नहीं, मुझसे मराठी में नहीं कहते बनेगा।” मग हिंदीत ते म्हणाले, की सकाळी पोट दाबले गेल्याचे कळले असते तर ते बांधावर विसंबले नसते, बहुधा अकरालाच शस्त्रक्रियेला घेतले असते. वाचला असता? शायद. आणि हात लावलाच नसता, तर तो बांध आपण होऊन त्याच दिवशी फुटला नसता कशावरून? तसेही पुष्कळदा होते.

“म्हणजे माझ्या हाताने झालं की नाही, हे सांगता येत नाही?”

“नहीं कह सकता, काकू।”

“आणि मंगळवारीच आणला असता तर?”

“तो शायद कुछ भी न करना पड़ता। बस, लिटाकर रखते।”

नुसते निजवून ठेवले असते. हात न लावणे हीच ज्या दुखण्याची मुख्य चिकित्सा होती, त्यावर गल्लीतला सर्वांत कुशल हात पडला होता. खांद्याचेही त्यांनी त्याच दिवशी विचारले. पोटातले रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला, श्वासपटलाला लागले, की दुखणे डाव्या खांद्यात जाणवते. पाय उंच केले की अधिकच. परागचे शरीर मुके नव्हते. ते बोलले होते, आणि त्याला नाटकी म्हटले गेले होते.

घरी येऊन बाईंनी तो काळा दोरा चुलीत टाकला. पण उंबऱ्यावर बसणे सोडले नाही, कारण लोक यायचे थांबले नव्हते. येईल त्याला त्या विचारत: मार लागलाय का? किती दिवस झाले? खांदा दुखतो का? मार लागलेला असेल तर म्हणत, इस्पितळात जा. लोक ऐकत नसत. बैलाने ढुशी दिलेल्या नवऱ्याला घेऊन आलेल्या एका बाईशी झालेला संवाद मी स्वतः ऐकला आहे.

“अम्मा, इत्ती दूर से आए हैं। तनक हाथ धर दो।”

“नाही धरणार. अस्पताल जाओ.”

“अरे काए अम्मा? बहाने न बनाओ। तुमाओ जस तो सबरे गाँव जानत।”

“जस? मैंने अपने लड़के की तिल्ली फोड़ी है, इसी हाथ से. और डाक्टर से झूठ बोली. अब जाओगी?”

ती बाई दचकून मागे सरली, नवऱ्याला धरून गल्लीतून निघाली. ती इस्पितळात गेली की दुसऱ्या कोणाकडे पोट बसवायला, ते कळले नाही. अशी माणसे पुष्कळ होती. बाई चालता येत होते तोवर काहींच्या मागोमाग ऑटोत बसून जात. काही जण त्यांना वेडी ठरवून परतत. दोन-तीन वर्षांत लोकांनी येणे सोडले. जिच्या हातून पोटचा मुलगा गेला, तिचा उंबरा अशुभ, असे गल्लीत बोलले जाऊ लागले. बाईंनी ते खोडून काढले नाही. मी एकदा म्हटले, की इतक्या वेळा, इतक्या उघड सांगण्याची काय गरज? त्या म्हणाल्या, “एकदा नीट विचारलं होतं, तेव्हा सांगितलं नाही. आता न विचारता सांगते.”

दर दिवाळीला त्या गरौठ्याला पत्र लिहीत. विद्याचे उत्तर येई. चार ओळींचे, आदराचे, इराच्या परीक्षेची हकीकत असलेले. ‘या’ असा शब्द त्यात एकदाही नव्हता, आणि ‘येते’ असाही नव्हता.

गेल्या माघात बाई गेल्या. दुखणे वयाचेच होते, तीन दिवसांचे. शेवटी त्यांनी हात पांघरुणाच्या आत घेतले होते. विद्या आली. इराही आली, आता ती आईएवढी उंच झाली आहे. तिला मराठी समजते, बोलत मात्र ती हिंदीच होती. खांदा द्यायला माणसे कमी पडत होती. विद्याने पदर खोचला आणि पुढचा डावा दांडा खांद्यावर घेतला. आमच्याकडे सुना खांदा देत नाहीत. कोणी तिला अडवले नाही. तिने क्षमा केली होती का, हे मी विचारले नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून ते कळण्यासारखे नव्हते. दहाव्याला पिंड ठेवल्यावर कावळा फार वेळ शिवला नाही, तेव्हाही तिने कसले वचन दिले नाही. दिवस झाले, घराला कुलूप लावून किल्ली माधुरीकडे देऊन ती गरौठ्याला परत गेली. घर विकायचे आहे असे ऐकतो.

बाईंची एकही वस्तू कोणी जपून ठेवलेली नाही. दोरा जळाला, एरंडेलाची बाटली माधुरीने फेकून दिली. डॉक्टर केयूर अजून त्याच इस्पितळात आहेत. तिथे पोटाला मार लागलेला कोणी आला, की आता ‘मालिश की थी?’ असे विचारत नाहीत. विचारतात, “पेट को किसी ने हाथ लगाया है?” कधी कधी उत्तर ‘हाँ’ असे येते. एवढे उरले आहे.